पुलियाचं तेल, पाव आणि नाव: एखादा प्रांत आपलं जेवण जगात विकतो म्हणजे नेमकं काय करतो

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन, नद्या जवळपास नाहीतच, जमीन खडकाळ, आणि जिथे बघाल तिथे ऑलिव्ह. इथल्या दक्षिण टोकाला सालेंतो नावाचा भाग आहे आणि तिथे गाल्लीपोली हे बंदर. (पहिल्या महायुद्धातलं ते तुर्कस्तानातलं गाल्लीपोली वेगळं, नाव तेवढं सारखं.) सतराव्या-अठराव्या शतकात या बंदरातून जहाजं भरभरून ऑलिव्ह तेल बाहेर जायचं, पण कोणाच्या ताटात नाही, दिव्यात. युरोपातल्या मोठ्या शहरांत दिवे जाळायला, साबणाला, लोकरीच्या कामाला हे तेल लागायचं. गावाखाली मऊ दगडात खोदलेले घाणे होते, जमिनीखाली ऊब राहते आणि थंडीत तेल थिजत नाही म्हणून खाली, आणि मजूर हंगामात महिनोनमहिने तिथेच राबायचे, जनावरं पण तिथेच गोल गोल फिरायची. यातले काही घाणे आज पर्यटकांना दाखवतात. आणि गंमत म्हणजे खाण्यालायक नसलेल्या ऑलिव्ह तेलाच्या दर्जाला युरोपच्या नियमात आजही ‘लाम्पान्ते’ म्हणतात, म्हणजे दिव्याचं.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुलियाचा माल परदेशात जाणं ही काही नवी गोष्ट नाही. माल शेकडो वर्षं जातच होता, नाव जात नव्हतं. अलीकडच्या काळातसुद्धा इथलं तेल टँकरने उत्तरेला जायचं आणि तिकडच्या कंपनीच्या लेबलखाली बाटलीत भरलं जायचं, इथली दणकट लाल वाईन उत्तरेकडच्या फिक्या वाईनला रंग आणि ताकद द्यायला मिसळली जायची. इटलीतल्या ऑलिव्ह तेलाचा सगळ्यात मोठा वाटा हा एकटा प्रांत देतो, पण तुम्ही आम्ही इटलीचं तेल म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, टस्कनीच्या टेकड्या. पैसा नावात असतो आणि नाव दुसऱ्याकडे होतं.

त्यामुळे आता ‘आमचा खाद्यवारसा, आमची जैवविविधता, आमची शाश्वत शेती’ असं म्हणत हे प्रांत परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल लावतात, शेफ पाठवतात, पत्रकारांना फिरवून आणतात, तेव्हा मुळात ते हे नाव परत मिळवायच्या मागे असतात. इटलीचं परराष्ट्र खातं 2016 पासून दर नोव्हेंबरला जगभरातल्या वकिलातींतून इटालियन जेवणाचा आठवडा साजरा करतं, आपल्याकडे दिल्ली-मुंबईतही होतो. युरोपियन युनियनकडे तर शेतमालाच्या जाहिरातीसाठी वेगळा फंडच आहे. पण झेंडे, चीजचे तुकडे आणि टूथपिक याच्या मागे जी यंत्रणा आहे ती फार कमी लोकांना माहिती असते, आणि ती समजली की कुठलं ब्रँडिंग खरं आणि कुठलं नुसतं पोस्टर हे आपलं आपल्याला कळायला लागतं.

यंत्रणेचा पाया कायदा आहे. आपल्याकडे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, म्हणतात ते, कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये मिळालं तसं. युरोपात ही व्यवस्था 1992 पासून आहे आणि त्यात दोन पायऱ्या आहेत, डीओपी आणि आयजीपी. डीओपी कडक. कच्चा माल त्याच भागातला, प्रक्रिया तिथलीच, सगळं तिथेच. आयजीपी जरा सैल, एखादा महत्त्वाचा टप्पा त्या भागात झाला आणि मालाचं नाव त्या जागेशी जोडलेलं असलं की चालतं, कच्चा माल बाहेरून आला तरी चालू शकतो. बाटलीवर लाल-पिवळा गोल शिक्का दिसला तर डीओपी, निळा-पिवळा दिसला तर आयजीपी. दुकानात उभं राहून एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

डीओपीचं उदाहरण म्हणजे आल्तामुराचा पाव. बारी शहराच्या आतल्या बाजूला मुर्जा नावाचं चुनखडीचं पठार आहे, तिथलं हे गाव. 2003 मध्ये या पावाला डीओपी मिळालं, युरोपात पावाला मिळालेलं पहिलं. हा मैद्याचा पाव नाही. ड्युरम गहू, म्हणजे ज्याचा पास्ता आणि रवा करतात तो कडक गहू, त्याचं दोनदा दळलेलं पिवळसर पीठ, आंबवलेलं विरजण, मीठ आणि पाणी, संपलं. नियमावलीत लिहिलंय की वरचं कवच निदान 3 मिलिमीटर जाड हवं. एक आकार दुमडलेला, एकावर एक घडी घातल्यासारखा, आणि दुसरा चपटा, त्याला गावच्या बोलीत पाद्र्याची टोपी म्हणतात. जाड कवच कशासाठी, तर मेंढपाळ आणि शेतमजूर घरापासून आठवडा-दोन आठवडे लांब राहायचे, पाव तेवढा टिकायला पाहिजे. पीठ बायका घरी मळायच्या आणि भाजायला गावच्या सार्वजनिक भट्टीत पाठवायच्या, तिथे सगळ्यांचे पाव एकत्र, मग ओळखायचं कसं, तर भट्टीवाला भाजायच्या आधी प्रत्येक पावावर त्या त्या घराच्या आद्याक्षरांचा ठसा उमटवायचा. आता जो युरोपचा शिक्का लागतो त्याच्या कितीतरी आधी त्या पावावर शिक्का होताच.

आल्तामुराच्या प्रचारात एक कवी हमखास येतो, रोमन कवी होरेस. ख्रिस्तपूर्व 37 मध्ये तो या भागातून प्रवास करत होता आणि एका छोट्या गावचा पाव इतका उत्तम आहे की शहाणा वाटसरू पुढच्या प्रवासासाठी बांधून घेतो असं त्याने लिहून ठेवलंय. झालं, आल्तामुरावाल्यांनी तो आपला करून टाकला. प्रत्यक्षात त्या महाशयांनी गावाचं नाव लिहिलेलंच नाही, उलट हे नाव वृत्तात बसत नाही असं म्हणून हात झटकलेत. आणि आज दिसतं ते आल्तामुरा तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने वसवलेलं. पण हे माहितीपत्रकात कशाला कोण छापेल. ‘वारसा’ असं लिहिलेलं दिसलं की थोडं खरवडून बघावं, खाली कधी खरं सोनं निघतं, कधी मुलामा. आल्तामुराच्या बाबतीत खरं सोनं हे की 2001 मध्ये गावात मॅकडॉनल्ड्स आलं, शेजारी एका बेकरीवाल्याने फोकाच्चा, म्हणजे तिथला चपटा पाव, विकायला सुरुवात केली आणि 2002 च्या शेवटाला मॅकडॉनल्ड्सने गाशा गुंडाळला. मोर्चा नाही, दगडफेक नाही, लोक फक्त शेजारच्या दुकानात जात राहिले. या गोष्टीने जगभर जेवढी जाहिरात केली तेवढी कुठल्याही सरकारी स्टॉलने केली नसेल.

आता आयजीपीचं उदाहरण, आणि हे तुम्ही खाल्लेलं असण्याची शक्यता जास्त आहे. बुराता. मुंबई-पुण्यातल्या कॅफेच्या मेन्यूत आता बुराता नसेल तर लोक विचारतात का नाही म्हणून. मोझरेलाची मऊ पिशवी, आत मोझरेलाच्या धाग्यांचे तुकडे आणि क्रीम, कापलं की सगळं ताटात ओघळतं आणि मग फोटो. हे पुलियातल्या आंद्रिया गावचं, चीज करताना उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून शोधलेलं. पूर्वी ते अ‍ॅस्फोडेल नावाच्या रानटी वनस्पतीच्या हिरव्या पातीत गुंडाळून विकायचे, पात ताजी तर बुराता ताजं, पात वाळली तर घेऊ नका, म्हणजे एक्स्पायरी डेट पानावरच. ‘बुराता दि आंद्रिया’ या पूर्ण नावाला 2016 मध्ये आयजीपी मिळालं. पण नुसतं ‘बुराता’ हा शब्द कोणाचाच नाही. त्यामुळे भारतात भारतीय दुधापासून केलेलं बुराता विकणारा कोणालाही फसवत नाहीये, कायद्याने ते पूर्ण बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर बरंच चांगलंही असतं कारण ताजं असतं.

मग आंद्रियाच्या माणसाला यातून काय मिळालं? थेट काहीच नाही. हाच सगळ्यात मोठा पेच आहे बघा. जेवढा पदार्थ गाजतो तेवढं त्याचं नाव सुटं होतं. आणि नाव फक्त जोडनावात सुरक्षित राहतं, म्हणजे पदार्थ अधिक गाव. हापूसचं वेगळं काही नाही, बाहेरच्या राज्यातला आंबा पेटीवर हापूस लिहून वाशीच्या बाजारात येतो तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचा जो संताप होतो तो आंद्रियावाल्याला एका वाक्यात समजेल.

कायद्याच्या बाजूलाच युनेस्को येतं, आणि यात लोकांचा प्रचंड गोंधळ असतो. ‘भूमध्यसागरी आहार’ 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, तेव्हा इटली, स्पेन, ग्रीस आणि मोरोक्को होते, 2013 मध्ये सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल आले. या आहाराचं नाव जगात गाजवलं अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी, सात देशांतल्या माणसांचा आहार आणि हृदयरोग यांचा अभ्यास त्यांनी 1958 मध्ये सुरू केला, नंतर दक्षिण इटलीतल्याच एका किनारी गावात बरीच वर्षं राहिले आणि शंभर वर्षं जगले, आता यापेक्षा मोठी जाहिरात काय पाहिजे. मग 10 डिसेंबर 2025 ला अख्खी इटालियन पाकसंस्कृतीच या यादीत गेली, आणि ती बैठक कुठे होती तर आपल्या दिल्लीत, लाल किल्ल्यात, त्याच बैठकीत आपली दिवाळीही यादीत आली. हे सगळं छानच आहे, पण युनेस्कोची नोंद म्हणजे ट्रेडमार्क नाही. कोणी नकली माल विकला तर युनेस्को काही करत नाही, करूही शकत नाही. यादी ही मान देते, हक्क देत नाही. हक्क डीओपी-आयजीपीने मिळतो. स्टॉलवरच्या बॅनरवर दोन्ही शेजारी शेजारी असतात म्हणून आपल्याला एकच वाटतं.

आणि मुळात ज्या जेवणाचा हा गौरव चाललाय ते गरिबाचं जेवण होतं. पुलियाचा जुना, रोजचा पदार्थ म्हणजे वाळलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं दाटसर वरण आणि बाजूला रानातली कडू चिकोरीची उकडलेली भाजी, वरून तेलाची धार. मांस सणासुदीला. ‘ग्रानो आर्सो’ म्हणजे जळका गहू, त्याची गोष्ट तर पोटात कालवाकालव करणारी आहे. पीक कापून झालं की जमीनदार शेतातला खुंट पेटवून द्यायचे आणि मग गोरगरिबांना राखेत उरलेले जळके दाणे वेचायची मुभा असायची, त्याचं काळपट धुरकट पीठ चांगल्या पिठात मिसळून पास्ता करायचे, असं तिथे सांगतात. आज तेच पीठ गहू मुद्दाम भाजून करतात आणि साध्या पिठापेक्षा महाग विकतात, मोठ्या हॉटेलात ग्रानो आर्सोची ओरेक्येत्ते, म्हणजे अंगठ्याने दाबलेला कानाच्या पाळीसारखा पास्ता, मेन्यूत वरच्या ओळीत असतो. यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही, चव खरंच वेगळी असते म्हणतात, पण ती गोष्ट सांगताना भूक हा शब्द गाळला तर तो वारसा उरत नाही, सजावट उरते.

आता जैवविविधतेकडे येऊ. हा शब्द ऐकला की आपल्याला जंगल, वाघ, पक्षी आठवतात. शेतीतली जैवविविधता म्हणजे साधं, एकाच पिकाचे किती वाण अजून कोणीतरी पेरतंय. पुलियात पोलिन्यानो नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथे एक गाजर पिकतं, पिवळं, केशरी, जांभळं, एकाच वाफ्यात सगळे रंग. रेताड जमीन आणि किंचित मचूळ पाणी, त्यामुळे चव वेगळी, आणि बियाणं दुकानातून येत नाही, शेतकरी आपलं आपण राखतात, बापाकडून मुलाकडे. रेजिना नावाचा छोटा टोमॅटो आहे, तो कापसाच्या दोऱ्यात एकेक देठ गुंफून झुंबरासारखा छताला टांगतात आणि जाड सालीमुळे तो हिवाळाभर टिकतो, फ्रीज नाही काही नाही, आणि तो दोरा वळायला कापूसही पूर्वी तिथेच पिकायचा. मग बारात्तिएरे, दिसायला छोटं गोल टरबूज, खायचं मात्र कच्चं, काकडीसारखं. ते वनस्पतीशास्त्राने काकडी नाहीच, खरबुजाच्या जातीचं आहे, म्हणजे आपल्या कोकणातल्या चिबुडाचं सख्खं भावंड, फक्त आपण चिबूड पिकल्यावर खातो आणि ते कोवळं असताना.

या असल्या वाणांना वाचवायला कायद्यापेक्षा वेगळी चळवळ लागली. कार्लो पेत्रिनी यांची स्लो फूड, उत्तर इटलीत ऐंशीच्या दशकात सुरू झालेली. त्यांची पद्धत सोपी आहे, आधी संपत चाललेल्या पदार्थांची यादी करायची, मग त्यातल्या काहींसाठी शेतकऱ्यांचा गट बांधायचा, पिकवायचे नियम त्यांनीच ठरवायचे, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. या गटाला ते प्रेसिडियम म्हणतात. पोलिन्यानोचं गाजर आणि रेजिना टोमॅटो हे दोन्ही असे प्रेसिडियम आहेत. विचार असा की वाण संग्रहालयात नाही टिकत, कोणीतरी विकत घेतल्यावर टिकतो. हे आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना कोणी शिकवायला गेलं नव्हतं, देशी बियाणं जपून ते पुन्हा पेरायला लावण्याच्या कामासाठीच त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली.

पण परदेशात विकणं आणि वाण जपणं ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात, आणि हे प्रचारवाले कधी बोलत नाहीत. परदेशातला खरेदीदार म्हणतो मला दरवर्षी सारखा माल द्या, सारखा आकार, सारखी चव, कंटेनर भरून. पोलिन्यानोचं रंगीबेरंगी गाजर कंटेनरमध्ये जाणार नाही, बुराता चार-पाच दिवसांच्या वर ताजं राहत नाही, बारात्तिएरे तर बारीच्या बाहेर फारसं कोणाला माहितीही नाही. म्हणजे ज्या गोष्टी सगळ्यात जास्त ‘जैवविविधता’ आहेत त्याच सगळ्यात कमी प्रवास करतात. बोटीत चढतात तेल, वाईन, पास्ता, डब्यातला टोमॅटो. गाजराचा फोटो पोस्टरवर जातो आणि विकला जातो पास्ता. मला यात फसवणूक दिसत नाही, पण गाजरवाल्याच्या खिशात काही पडायचं असेल तर माणसाने तिथे जाऊन ते खाल्लं पाहिजे, म्हणून तर हे सगळे प्रांत शेवटी पर्यटनावर येऊन थांबतात.

गव्हाचं बघा. ‘सेनातोरे काप्पेल्ली’ नावाचा ड्युरम गहू सध्या ‘प्राचीन धान्य’ म्हणून पास्त्याच्या पाकिटावर मिरवतो. हा गहू नात्सारेनो स्त्राम्पेल्ली या शास्त्रज्ञाने पुलियातल्या फोज्जा इथल्या केंद्रात निवडून काढला आणि 1915 च्या सुमाराला बाजारात आणला, मूळ बियाणं उत्तर आफ्रिकेतलं. प्राचीन कुठलं, शंभर वर्षांचा आहे आणि पाहुणा आहे. अनेक दशकं दक्षिण इटलीत तोच पेरला जायचा, मग 1974 मध्ये क्रेसो हा बुटका, जास्त उत्पन्न देणारा वाण आला, आणि त्याच्या पूर्वजांत काप्पेल्लीच होता, किरणांनी उत्परिवर्तन घडवलेला. उंच काप्पेल्ली वाऱ्याने आडवा पडायचा, शेतकऱ्यांनी सोडला, आता शहरातल्या लोकांना आवडतो म्हणून परत आला. त्याला ‘प्राचीन’ म्हणण्यापेक्षा खरोखर प्राचीन असलेला गहू म्हणजे फार्रो, आणि फार्रो म्हणजे आपला खपली. तीच प्रजाती. सांगली-साताऱ्याकडची आजी ज्याची खीर आणि पुरणपोळी करते तोच गहू महागड्या सॅलडमध्ये फार्रो म्हणून येतो.

हे सगळं ठीक चाललं होतं असं म्हणता आलं असतं, पण 2013 मध्ये गाल्लीपोलीच्याच आसपास ऑलिव्हची झाडं वाळायला लागली. आधी एखाद्या फांदीची पानं टोकाकडून करपल्यासारखी, मग ती फांदी, मग अख्खं झाड. तपासात निघाला झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू, युरोपात असा प्रकार पहिल्यांदाच. हा जिवाणू झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत घर करतो, नळ्या तुंबतात आणि झाड तहानेने मरतं, जमिनीत पाणी असलं तरी. पसरवतो कोण, तर गवतावर फेस सोडणारा एक साधा कीटक, रस शोषायला एका झाडावरून दुसऱ्यावर उडतो. आला कुठून, तर मध्य अमेरिकेतून शोभेसाठी आयात केलेल्या कॉफीच्या रोपातून असं शास्त्रज्ञांचं मत आहे. इथे मला राहून राहून आठवतं की 2014 मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूवरही, आंब्यावरची 2015 च्या सुरुवातीला उठली. तपासणी चुकीची होती असं नाही, पण हापूस अडवणाऱ्या दारातून कॉफीचं रोप निवांत आत गेलं होतं.

पुढे जे झालं ते शेतकी समस्येपेक्षा समाजाची समस्या म्हणून जास्त शिकवणारं आहे. शास्त्रज्ञ म्हणाले लागण झालेली झाडं आणि आजूबाजूची काढा. लोक म्हणाले काय बोलता, पणजोबाने लावलेली झाडं आहेत, काही तर शेकडो वर्षांची, खोड असं पिळवटलेलं की आत माणूस उभा राहील. 2007 चा प्रांताचा कायदाच होता की अशी ‘स्मारक’ झाडं तोडायची नाहीत. आंदोलनं झाली, लोक झाडांवर चढून बसले, अफवा उठल्या की हे जमीन लाटायचं कारस्थान आहे, आणि 2015 मध्ये सरकारी वकिलांनी उलट शास्त्रज्ञांवरच रोग पसरवल्याच्या संशयाने चौकशी लावली आणि झाडतोड थांबवली. 2019 मध्ये ती चौकशी काही न सापडता बंद झाली. तोपर्यंत कीटक थांबला नव्हता. मेलेल्या आणि लागण झालेल्या झाडांचा अंदाज दोन कोटींच्या वर सांगतात. लेच्चे जिल्ह्यातून गाडीने गेलात तर मैलोन्‌मैल राखाडी सांगाडे.

आता याचा प्रचाराशी संबंध काय? थेट आहे. सालेंतोत पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दोनच जाती लावलेल्या, ओल्यारोला आणि चेल्लीना दि नार्दो, आणि ‘तेर्रा दोत्रांतो’ हे तिथलं डीओपी तेलसुद्धा प्रामुख्याने याच दोन जातींवर उभं. दोन्ही जाती झायलेलापुढे हतबल ठरल्या. म्हणजे ज्या प्रदेशाची ओळखच लाखो झाडांची होती, तिथे झाडं भरपूर होती पण विविधता नव्हती. कागदावर संरक्षित नाव शाबूत आणि शेतात झाडच नाही. मेलेल्या बागांमध्ये उठून दिसणारी हिरवी झाडं शोधता शोधता कळलं की लेच्चीनो आणि फावोलोसा या दोन जाती रोग बऱ्यापैकी सहन करतात, मग पुनर्लागवडीला त्याच दोन सुचवल्या गेल्या. म्हणजे जुन्या दोन जाती गेल्या, नव्या दोन आल्या. बागेत आपोआप उगवलेल्या रोपट्यांतून टिकणारी नवी झाडं शोधायचं काम संशोधक करताहेत, ते मला सगळ्यात आशादायक वाटतं, पण ऑलिव्हला वेळ लागतो, त्याला तुमच्या प्रदर्शनाच्या तारखेशी देणंघेणं नाही. उत्तरेला बारीकडे कोरातीना ही कडवट, झणझणीत तेल देणारी जात अजून उभी आहे, सध्या पुलियाच्या तेलाचा भार मुख्यतः तीच वाहते.

शाश्वत शेती म्हटलं की माती आणि पाण्यावर बोलतात, पुलियात त्याबद्दल अभिमानाने दाखवण्यासारखं पण खूप आहे, विशेषतः चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी गडगे, ज्यांची कला 2018 मध्ये आठ देशांच्या वतीने युनेस्कोच्या यादीत गेली, माती अडवतात, सरडे-पक्ष्यांना घर देतात. पण राबतो कोण हे विचारलं की स्टॉलवरचा माणूस पाण्याचा ग्लास पुढे करतो. फोज्जाच्या मैदानात कॅनिंगचा टोमॅटो पिकतो आणि तो तोडायला आफ्रिकेतून, पूर्व युरोपातून आलेली माणसं असतात, झोपड्यांच्या वस्त्यांत राहणारी, मुकादमाच्या हाताखाली. मुकादम व्हॅनचं भाडं कापतो, पाण्याच्या बाटलीचे कापतो, उरेल ती मजुरी. 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांच्या अंतराने फोज्जाजवळ दोन अपघात झाले, शेतावरून परतणारे 16 मजूर गेले. त्याआधी 2015 मध्ये आंद्रियाजवळच्या द्राक्षमळ्यात एक इटालियन मजूर बाई काम करता करता मेली, त्यानंतर देश हलला आणि 2016 चा 199 क्रमांकाचा कायदा आला, ज्यात मुकादमाबरोबर अशी माणसं कामाला लावणारा मालकही गुन्हेगार ठरतो.

बदलाची सुरुवात मात्र मजुरांनीच केली होती. 2011 च्या उन्हाळ्यात नार्दो गावाजवळ कलिंगडं आणि टोमॅटो तोडणाऱ्या परदेशी मजुरांनी संप केला, पुढे होता कॅमेरूनहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला इव्हान सान्ये. त्याने पुढे नोकॅप नावाची संघटना काढली, मुकादम नको, करारानुसार पगार, जायला-यायला नीट गाडी, हे पाळणाऱ्या मालावर तिचा शिक्का लागतो. मला विचाराल तर डीओपीच्या शेजारी हा शिक्का असलेला टोमॅटोचा डबा हा वारशाचा सगळ्यात प्रामाणिक प्रचार आहे, पण आपल्याकडच्या शेल्फवर शोधून सापडणं कठीण.

मग आपण इथे बसून काय बघायचं, तर तेलाची बाटली. भारतात ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणून खपतं त्यातलं बरंच पोमेस असतं, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हेंटने काढलेलं आणि मग रिफाइन केलेलं, त्यात चवीपुरतं व्हर्जिन. तळायला वापरा हवं तर, पण त्यात ना पुलिया ना कोरातीना. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फक्त यंत्राने दाबून काढलेलं, आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत, आणि चव घेणाऱ्या प्रशिक्षित लोकांना त्यात एकही दोष न सापडलेलं. ‘पॅक्ड इन इटली’ लिहिलेलं असलं की ऑलिव्ह ट्युनिशिया किंवा स्पेनचे असू शकतात, त्यात गैर काही नाही पण मग इटलीचे जास्तीचे पैसे देऊ नका. जातीचं नाव, गावाचं नाव आणि तोडणीचं साल हे तीन बाटलीवर असेल तर कोणीतरी जबाबदारी घेतलीये असं समजा. घशात थोडं झोंबलं, ठसका लागला तर बाटली परत करू नका, ताज्या कोरातीनाचं ते लक्षणच आहे. एवढं महाग तेल फोडणीत मात्र घालू नका, वरणावर वरून सोडा, पुलियातले लोक बाकल्याच्या वरणावर तेच करतात.